नको म्हटलेले फोटो

आधी डबे सांगते, माणूस मागून सांगते. त्यांना स्वतःलाही तेच आवडलं असतं.

बिस्किटांचे पत्र्याचे सात डबे. प्रत्येकात तांदळाची एक पुरचुंडी, ओल ओढून घ्यायला, आणि तिच्या शेजारी उभे रचलेले फोटो. स्टुडिओतले नव्हेत हं. बटण दाबलं की कॅमेऱ्याच्या तोंडातून पांढऱ्या चौकटीचं जाड कार्ड बाहेर यायचं आणि चार-पाच मिनिटांत त्यावर चित्र उमटायचं, ते झटपट फोटो. त्याला निगेटिव्ह नाही, दुसरी प्रत नाही. जी आली ती आली. आणि आमच्या घरमालकांच्या त्या सात डब्यांत जे होते, ते सगळे लोकांनी नको म्हटलेले. कुणाचे डोळे मिटलेत, कुणाचं अर्धं डोकं चौकटीबाहेर गेलंय, कुणाच्या तोंडासमोर पोराचा फुगा आलाय. गिऱ्हाईक म्हणायचं, हा नको, दुसरा काढा. दुसरा घेऊन ते निघून जायचं, पहिला यांच्याकडं राहायचा. दुसरा कुणी असता तर टाकून दिला असता. यांनी सांभाळले.

आम्ही गोव्यात, पेडण्याजवळ पार्श्याला, त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत राहायला आलो, तेव्हा मी नवी नवरी नव्हते, पण परकी मात्र पुरेपूर होते. गडहिंग्लजकडची. नवरा बांधकामावर सुपरवायझर, किनाऱ्याकडं हॉटेलं उठत होती तिथं, आणि मला पेडण्यात एका कॉम्प्युटरच्या क्लासवर शिकवायची नोकरी मिळालेली. खोली बघायला गेलो तर या गृहस्थांनी आमची जात विचारली नाही, मटण-मासळीचं विचारलं नाही, मुलंबाळं किती तेही नाही. माझ्याकडं बघून एवढंच म्हणाले, "बाय, तुका कंप्युटर येता?"

मी म्हटलं, येतो.

"मागीर रावात," म्हणाले, आणि किल्ली दिली. राहा म्हणे. नवऱ्याला वाटलं, म्हातारा अर्धवट आहे. तसं ते पूर्ण खोटंही नव्हतं.

त्यांना हाक काय मारायची हाच पहिला घोळ. आमच्या भागात बायका नवऱ्याला मालक म्हणतात, तेव्हा घरमालकाला मालक म्हणायची माझी जीभ काही रेटेना. मी भाऊ म्हणायला लागले. त्यांना चाललं. तसं त्यांना काहीही चालायचं, फक्त शिळ्या पावाच्या बाबतीत ते हट्टी होते. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरनं भोंगा वाजवत यायचा, ते ताजे उंडे, तिकडचे गोल पाव, घ्यायचे, आणि खायचे मात्र कालचे. ताजे उद्यासाठी. "भाऊ, एक दिवस ताजा खाल्ला की मग रोजच ताजा मिळेल," असं मी हिशेबानं पटवून दिलं. त्यांनी ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि कालचा उंडा चहात बुडवला.

बोलायचे पेडण्याकडच्या कोकणीत आणि लिहायचे मराठीत. त्या पिढीचे तिकडचे पुष्कळ लोक तसेच. गोव्याचं राज्य झालं त्या सुमारास भाषेवरून घराघरांत भांडणं लागलेली, यांचे सख्खे मित्र एकमेकांशी बोलेनासे झालेले. यांना दोन्ही बाजूंनी सभेला बोलावणं यायचं, आणि हे दोन्हीकडं कॅमेरा घेऊन जायचे. तुम्ही कुणाच्या बाजूचे, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "उलयतां तें उलयतां, बरयतां तें बरयतां." बोलतो ते बोलतो, लिहितो ते लिहितो. दोन्ही सभांतले डोळे मिटलेले पुढारी एकाच डब्यात होते, शेजारी शेजारी.

तो कॅमेरा त्यांना मांद्र्याला एका गोऱ्यानं दिला होता. तो तिथं भाऊंच्या मेव्हण्याच्या घरी खोली घेऊन राहायचा, परत जाताना ओझं नको म्हणून देऊन गेला, आणि पुढं काही वर्षं ओळखीच्या कुणाबरोबर फिल्मची पाकिटं पाठवत राहिला. भाऊ शेतीवाडी बघून जत्रांना जायचे, मांद्र्याच्या किनाऱ्यावर फिरायचे, मयेंच्या तळ्यावर रविवारी सहलीवाले येतात तिथं उभे राहायचे. पण फोटोग्राफरचं एकही लक्षण अंगात नव्हतं. हसा म्हणायचे नाहीत, इकडं बघा म्हणायचे नाहीत, एक-दोन-तीन तर नाहीच. माणूस गप्पांत असताना बटण दाबायचे. मग डोळे मिटणार नाहीत तर काय होईल? कार्ड बाहेर आलं की ते उन्हात तांबडं पडू नये म्हणून बाहेरून ओलं फडकं गुंडाळलेल्या डब्यात ठेवायचे, आणि गिऱ्हाइकानं हिसकावून ते वाऱ्यावर हलवायला सुरुवात केली की रागवायचे. "हालय नाका मरे, तो जल्माक येता." जन्माला येतोय म्हणे. लोक हसायचे. मलाही हे कुणी सांगितलं तेव्हा हसूच आलं होतं.

पुढं फिल्म यायची थांबली आणि कॅमेरा कपाटात गेला. राहिले डबे. गोव्याचा पावसाळा म्हणजे तुम्हाला माहीत आहे, चामड्याच्या चपलेवर चार दिवसांत हिरवी लव येते. तांदूळ काय आणि किती ओल ओढणार? दर पावसाळ्यात पाच-दहा चेहरे कमी व्हायचे. कुणी पिवळा पडायचा, कुणाच्या गालावर बुरशीचं जाळं चढायचं, एखाद्या कार्डाचा वरचा पदरच सुटायचा. म्हणून भाच्याला सांगून त्यांनी आखातातून स्कॅनर मागवला, झाकणाचा, आडवा, काचेचा. आणि तो आला त्याच महिन्यात कॉम्प्युटर येणारी बाई खोली विचारत दारात उभी. देव देतो म्हणतात तो असा देतो.

क्लास दुपारी असायचा. सकाळी दहा ते बारा आम्ही दोघं त्यांच्या जनेलापाशी, म्हणजे खिडकीपाशी, मेजावर बसायचो. दहाच्या आधी नाही, कारण हवेत ओल असते. बाराच्या नंतर नाही, कारण वीज भरवशाची नसते. आधी हात धुवायचे आणि वाळवायचे. मग त्यांच्या आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यानं काच पुसायची. मग फोटो न ठेवता यंत्र तीनदा नुसतंच चालवायचं, दिव्याला जाग येऊ दे म्हणून. माझी तर तिथंच चिडचिड सुरू व्हायची. मी म्हणायचे, भाऊ, गरज नसते त्याची. ते म्हणायचे, आपल्याला उठल्या उठल्या कोणी काम सांगितलं तर चालतं काय?

पण एक गोष्ट कबूल करायला हवी. या कार्डांचा चकचकीत पृष्ठभाग काचेला चिकटला की स्कॅनमध्ये पाण्यावर तेल सांडल्यासारखी रंगीत वर्तुळं येतात. मी आठवडाभर सगळी बटणं दाबून बघितली, वर्तुळं जाईनात. भाऊंनी एक दिवस जुन्या लग्नपत्रिकेचे चार बारीक तुकडे कापले, कार्डाच्या चारी कोपऱ्यांखाली, पांढऱ्या चौकटीपुरते सरकवले, फोटो काचेपासून केसभर उचलला, आणि झाकण न लावता वरून मोडक्या छत्रीचं काळं कापड टाकलं. वर्तुळं गेली. मी क्लासवर पोरांना शिकवणारी बाई, पत्रिकेचे तुकडे कापायला बसले.

प्रत्येक कार्डामागं त्यांनी नाव, गाव आणि नको म्हटल्याचं कारण लिहून ठेवलेलं असायचं, अगदी शाळेतल्या अक्षरात. 'डोळे मिटले.' 'टोपी राहिली.' 'बायकोला पसंत नाही.' एकावर होतं, 'स्वतःला ओळखले नाही.' फाइलला तेच नाव द्यायचं अशी त्यांची ताकीद होती. आणि दुसरी ताकीद, रंग सुधारायचे नाहीत. पिवळा झालेला फोटो एका बटणात ताजा करता येतो हो. मी एकदा करून दाखवला. त्यांनी बघितला आणि म्हणाले, "पावसान खाल्लो तो खाल्लो. आतां आमी खावचो न्हय." पावसानं खाल्ला तो खाल्ला, आता आपण खायचा नाही.

त्यांच्या बायकोचा फोटो ओसरीवर होता. त्या जाऊन बरीच वर्षं झाली होती. फोटोत त्यांची पाठ दिसते. अंबाड्यात अबोलीची वेणी, विहिरीकडं चाललेल्या. मी विचारलं, तोंडाचा एकही नाही? "ना. तिका नाका आशिल्लो. मागीर हांव कित्याक काडूं?" तिला नको होता, मग मी कशाला काढू? मी त्या पाठीला येता-जाता नमस्कार करायला लागले.

आता भाऊही नाहीत. आम्ही गोवा सोडल्यावर चार वर्षांनी गेले, भाच्यानं फोनवर सांगितलं. पण ते आठवले की मला नेहमी स्कॅनरवर आठ दिवस तसंच राहिलेलं कापड आठवतं, आणि माझी चूक. ती सांगितल्याशिवाय हा माणूस तुम्हाला कळायचा नाही.

मांद्र्याची एक बाई एका सकाळी सात वर्षांच्या मुलीचा हात धरून आली. हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं एक कार्ड. भाऊंनी ते उजेडात धरलं. पांढरी चौकट होती, आत काहीच नव्हतं. पिवळट डाग आणि वरचा पदर गेलेला. पेडण्याच्या जत्रेत भाऊंनीच काढलेला तिच्या नवऱ्याचा फोटो होता तो. त्याचा तेवढा एकच. नवरा होडीवरचा. मुलगी पोटात असताना वादळात होडी उलटली, बरोबरचे दोघे पोहत आले, हा आला नाही. सापडलाही नाही.

"भाऊ, मशिनार घाल्यार हो दिसतलो?" तिनं विचारलं.

मी नाही म्हटलं. जे गेलंय ते यंत्र कुठून आणणार? ती मुलीकडं बघून म्हणाली, शाळेत बाईंनी घरच्या माणसांची चित्रं काढायला सांगितली. हिनं सगळ्यांची काढली, आणि बापाच्या जागी होडी काढली. तोंड कसं ते माहीतच नाही. मला सांगता येत नाही. नाक असं, कपाळ असं, सांगून तोंड होतं काय?

भाऊंनी तिला बसायला कदेल, म्हणजे खुर्ची, दिली, पाणी दिलं, आणि चार दिवसांनी यायला सांगितलं. मग सातही डबे खाली उतरवले. तिसऱ्या दिवशी सापडला. मागं लिहिलं होतं, 'डोळे मिटले. परत काढला.' म्हणजे घरी गेला होता तो दुसरा, हा पहिला. रंग बरे टिकले होते. उघडा गळा, पोरसवदा चेहरा, आणि डोळे गच्च मिटलेले. डब्यात त्याच्याच मागं त्याच्या धाकट्या भावाचा फोटो होता, त्याच जत्रेतला, डोळे टक्क उघडे, 'टोपी राहिली' म्हणून नको म्हटलेला.

बाई आली. फोटो हातात घेतला, आणि तिचा चेहरा जो उजळला तो बघता बघता विझला. तिनं कार्ड मेजावर ठेवलं.

"असो नाका. डोळे धांपिल्लो नाका. तो मेल्ल्याचो फोटो जाता."

मला आधी राग आला. एवढं शोधून काढलं आणि नको? मग माझं लक्ष तिच्या कपाळाकडं गेलं. कुंकू होतं. सापडला नाही त्या माणसाची बारा वर्षं वाट बघायची, तोवर त्याचं काही करायचं नाही, ही चाल आमच्याकडंही आहे. सात वर्षं ती कुंकू लावत होती. आणि आता डोळे मिटलेला नवरा भिंतीवर लावायचा, म्हणजे तिनं स्वतःच्या हातानं त्याला मेला म्हणायचं. घरातली माणसं तेच म्हणायला टपलेली होती, असंही ती हळूच बोलली. मुलगी दाराशी कोंबड्यांच्या मागं लागली होती, तिला अजून फोटो दाखवलाच नव्हता.

"डोळे उघडता येतात," मी म्हणाले.

भाऊंनी माझ्याकडं रोखून बघितलं. ती गेल्यावर म्हणाले, "एकाचें दुसऱ्याक लावचें न्हय, बाय." मी भांडले. सरळ भांडले. म्हटलं, त्या बाईला नवरा पाहिजे, तुम्हाला तुमचं तत्त्व पाहिजे. सात वर्षांच्या पोरीनं बापाच्या जागी होडी काढली, ते ऐकलंत ना तुम्ही? ते डबे वर ठेवायला लागले.

दोन दिवसांनी ते मयेंला बहिणीकडं गेले. मी त्या दिवशी क्लासला सुट्टी टाकली. धाकट्या भावाचे डोळे स्कॅन करून घेतले, रक्ताचेच ते, म्हणून मनात म्हटलं चालतील, आणि थोरल्याच्या चेहऱ्यावर बसवले. पापण्यांच्या कडा जुळवायला अख्खा दिवस गेला. इतकं सुरेख काम मी आयुष्यात दुसरं केलेलं नाही. दुसऱ्या दिवशी पेडण्याला जाऊन मोठी प्रिंट काढली आणि संध्याकाळच्या बसनं मांद्र्याला स्वतः नेऊन दिली. ती बाई फोटो छातीशी धरून रडली. मीही रडले. परत येताना बसमध्ये मला वाटत होतं, एवढं शिकल्याचं आज सार्थक झालं.

भाऊ आले आणि पडद्यावर फोटो बघितला. "हे डोळे कोणाचे?" विचारलं. मी सांगितलं. "बरे जाल्यात," म्हणाले. चांगले झालेत. आणि उठून माडांना पाणी सोडायला गेले. त्यानंतर आठ दिवस त्यांनी स्कॅनरवरचं कापड काढलं नाही. रागावले असते तर मी दोन उत्तरं दिली असती, पण हा माणूस माझ्याशी पावसाबद्दल आणि उंड्यांबद्दल बोलत राहिला. दहा वाजले की मी मेजापाशी जाऊन बसायचे आणि उगीच उठून यायचे.

नवव्या दिवशी ती बाई मुलीला घेऊन परत आली. बगलेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली फ्रेम. माझ्याकडं बघितलं नाही, भाऊंनाच म्हणाली, "घरांत लायलो. चेडवान पळेलो आनी म्हणता, हो काको."

पोरीनं बघितलं आणि म्हणाली, हा काका. आईनं समजावलं, बाबा तुझा. पोर रोज म्हणायची, काका. तो काका त्याच घरात राहतो, तिला खांद्यावर घेऊन फिरवतो. तिला ते डोळे ओळखू येणार नाहीत तर कुणाला येतील? शेवटी परवा काका जेवायला बसला, तर पोरीनं एकदा फोटोकडं बघितलं, एकदा त्याच्याकडं, आणि त्यालाच बाबा म्हणून हाक मारली. तो ताटावरून उठून गेला. सासू या बाईकडं बघत राहिली. बाईनं त्याच क्षणी फ्रेम उतरवली.

मी म्हटलं, माझी चूक, भाऊंनी नको म्हटलं होतं. ती म्हणाली, "तुमी कितें करतल्यात? हांवेंच मागिल्लो." तुम्ही तरी काय करणार, मीच मागितला होता. मग भाऊंना म्हणाली, "तो पयलोच दियात."

भाऊ उठले. मी कॉम्प्युटर लावायला लागले, तर हातानं नको म्हणाले. डब्यातून ते मूळ कार्ड काढलं आणि आईला न देता मुलीच्या हातात दिलं. मूळ कार्ड त्यांनी कुणाला दिलेलं मी तोवर बघितलं नव्हतं. बाईनं हात पुढं केला होता, तो तसाच राहिला.

मुलीनं फोटो दोन्ही हातांत धरला. निरखून बघितला. काका म्हणाली नाही.

"न्हिदलो?" तिनं विचारलं. झोपलाय का?

आम्ही तिघंही आईकडं बघत होतो. आई मुलीशेजारी जमिनीवर बसली आणि तिनं पहिल्यांदाच तो फोटो नीट बघितला. त्या दिवशी तिनं फक्त डोळे बघितले होते. मीही सबंध दिवस पापण्यांत घातला, आणि ओठांकडं माझं लक्षच गेलं नव्हतं. दात दिसत होते. गाल वर चढलेले. खांद्यापाशी कुणाचा तरी हात होता, बहुतेक धाकट्या भावाचा, त्यानं काहीतरी विनोद केला असणार.

"ना गो," ती म्हणाली. "हांसता." मग फोटोतल्या गालाशी बोट नेऊन पुन्हा म्हणाली, "तो हांसलो काय डोळे धांपतालो. सदांच. हांव विसरलें."

हसला की डोळे मिटायचा. नेहमीच. सात वर्षं उघड्या डोळ्यांची वाट बघता बघता ती हे विसरून गेली होती.

मुलीनं फोटोकडं पुन्हा एकदा बघितलं. मग कुणी सांगितलं नसताना तिनं डोळे गच्च मिटले, गाल वर चढवले, सगळे दात दाखवून हसली, आणि डोळे न उघडता तसंच तोंड वर करून विचारलं, "अशें?"

आई नुसती पोरीच्या तोंडाकडं बघत राहिली. त्याला तसा हसताना बघितलेलं दुसरं माणूस त्या खोलीत एकच होतं.

"तशेंच," भाऊ म्हणाले.